ऑकलंड ते सातारा : नकाशावरचं अंतर आणि खरे लागणारे तास

"ऑकलंड ते मुंबई" असं नेटवर टाकलं की लगेच उत्तर येतं, अंतर १२,३०० किलोमीटर, विमानाचा वेळ साधारण पंधरा तास. अंतराचा आकडा बरोबर आहे, मी स्वतः ताडून पाहिलाय, पण पंधरा तासांत नेणारं विमानच सध्या नाहीये. न्यूझीलंड आणि भारतामध्ये थेट विमानसेवा नाही. ते कॅल्क्युलेटर काय करतात, तर सरळ अंतराला विमानाच्या सरासरी वेगाने भागतात, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवतात आणि उत्तर समोर ठेवतात. आमच्या दादाने साताऱ्यात बसून तेच बघितलं आणि मला फोनवर म्हणाला, "अगं पंधराच तास? मग आई आरामात येईल की."

आईला इकडे, ऑकलंडला माझ्या घरी, आणायचं किती वर्षं मनात होतं. तिने सत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात, बीपीची आणि थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि ती याआधी कधी विमानातच बसलेली नाही. व्हिजिटर व्हिसा आला तेव्हा मी ठरवलं की तिला एकटीला नाही पाठवायचं, जुलैमध्ये आपण जायचं, थोडं राहायचं आणि ऑगस्टमध्ये तिला घेऊनच यायचं. आणि मग हे किलोमीटर आणि तास मी पहिल्यांदा नीट मांडून बसले, कारण मी एकटी असताना कुठल्याही मार्गाने, कितीही वेळ विमानतळावर बाकड्यावर झोपून गेलेय, मला काही वाटलं नाही, पण आईच्या बाबतीत प्रत्येक तास मोजावासा वाटत होता.

सुरुवात लेकीच्या पृथ्वीच्या गोलापासून केली. सपाट नकाशावर काही कळत नाही, तिथे ऑकलंड उजवीकडे खाली कोपऱ्यात आणि मुंबई डावीकडे वर, मधे सगळा समुद्र दिसतो. गोलावर शिवणाच्या रिळाचा दोरा घेतला, एक टोक ऑकलंडवर बोटाने दाबलं, दुसरं मुंबईवर आणि ताणला. दोरा टास्मन समुद्रावरून ऑस्ट्रेलियात घुसला, सिडनी आणि ब्रिस्बेनच्या मधून आत शिरून तिरका वर गेला, वायव्य किनाऱ्यावरून बाहेर पडला, इंडोनेशियाची बेटं ओलांडली आणि सिंगापूरच्या थोडं दक्षिणेकडून बंगालच्या उपसागरात गेला. मी परत ताणून बघितला, तेच. मग आकडे काढले, ऑकलंड-सिंगापूर ८,४०० किलोमीटरच्या आसपास, सिंगापूर-मुंबई ३,९०० च्या थोडं वर, बेरीज १२,३३०. म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर जास्त. सिंगापूरला उतरून जाणं म्हणजे वळसा नाहीच, ते वाटेवरचंच गाव आहे. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून दोरा दाखवला.

याच हिशोबाने बाकीचे मार्ग बघा. दुबईमार्गे जायचं तर ऑकलंड-दुबई हेच १४,२०० किलोमीटर, एका दमात सतरा तासांच्या आसपास, आणि मग मुंबईच्या डोक्यावरून पुढे गेल्यासारखं पश्चिमेला जाऊन परत १,९०० किलोमीटर मागे पूर्वेला यायचं. एकूण १६,१०० च्या वर. सिंगापूरपेक्षा पावणेचार हजार किलोमीटर जादा, म्हणजे मुंबई-सिंगापूरचं अख्खं एक विमान फुकट. दोहाचंही तसंच, ते तर अजून लांब पडतं. तरी लोक जातात कारण कधीकधी तिकीट स्वस्त मिळतं, सामान जास्त नेता येतं, आणि ज्यांना पुढे अहमदाबाद, कोची असं जायचंय त्यांना आखातातून थेट जोड मिळते, त्यांचं बरोबरच आहे. पण मुंबईसाठी आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सतरा तास एका सीटवर, हे मला पटेना. हाँगकाँगमार्गे साधारण अकराशे किलोमीटर जास्त पडतात. क्वालालंपूर सिंगापूरसारखंच, रेषेवरच आहे. आणि गंमत म्हणजे सिडनीसुद्धा जवळपास रेषेवरच येतं, पण भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायचं असेल तरी ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो, त्याला फी नसते पण अर्ज, कागद, वाट बघणं हे सगळं आलंच. आईच्या एका व्हिसाचे कागद गोळा करताना दादाची जी धावपळ झाली ती बघता तो पर्याय मी सोडून दिला.

सिंगापूरला विमानतळाच्या आतल्या आत बदलणार असाल तर भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, पण एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर पाहिजेत आणि बॅग थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत टॅग झालेली पाहिजे. इथे ओळखीतल्या एका बाईंनी दोन वेगळी तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून घेतली, मग बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर जावं लागणार आणि त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा लागणार हे त्यांना मुंबईच्या काउंटरवर कळलं. वयस्कर माणसं असतील तर हा धोका मुळीच घेऊ नका, दहा-पंधरा हजार वाचतील पण जीव टांगणीला लागतो.

आता तासांचं. ऑकलंडहून सिंगापूरला पावणेअकरा तास लागतात आणि सिंगापूरहून मुंबईला साडेपाच, म्हणजे विमानात सव्वासोळा. त्या कॅल्क्युलेटरच्या पंधरा तासांपेक्षा सव्वा तासच जास्त. मग लोकांना वीस, बावीस, तीस तास का लागतात, तर सगळा खेळ मधल्या थांब्याचा आहे. एकाच मार्गाची तिकिटं बघताना मला थांबा सव्वा तासाचा दिसत होता, दोन तासाचा, चार तासाचा, नऊ तासाचा आणि एक तर सतरा तासांचा, आणि किमतीत फार फरक नव्हता. किलोमीटर तेच, विमानं तीच, नुसत्या थांब्यामुळे प्रवास अठरा तासांचा होतो नाहीतर तेहतीस तासांचा. म्हणून तिकीट बघताना "एकूण वेळ" या रकान्याच्या आधी थांबा किती आणि तो घड्याळात कितीला पडतो ते बघायचं. मी जाताना एकटी होते म्हणून दोन तासांचा घेतला. येताना आईसाठी मुद्दाम चार तासांचा घेतला, दादा म्हणाला कशाला चार तास बसवतेस तिला, पण विमानातून व्हीलचेअर मिळून बाहेर यायलाच सगळ्यांच्या शेवटी नंबर लागतो, मग बाथरूम, मग दुसऱ्या टर्मिनलला जायचं असेल तर आतली ट्रेन, आणि चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, सिक्युरिटी चेक बऱ्याच ठिकाणी गेटवरच असतो म्हणजे तिथेही वेळेआधी जायचं. दोन तासांत तरुण माणूस करतो हे, आईला पळवायचं नव्हतं.

जुलैत निघाले तेव्हा ऑकलंडला हिवाळा, सकाळी साडेसातला उजाडतं. घर ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलला, तिथून विमानतळ वीस-पंचवीस मिनिटं. दहाला घर सोडलं, दुपारी एकच्या सुमाराला विमान सुटलं. पश्चिमेकडे जाताना सूर्याच्या मागे मागे जातो आपण, त्यामुळे दिवस संपतच नाही. साडेतीन-चार तास खाली ऑस्ट्रेलियाच होता, आधी हिरवट करडी जमीन, मग नुसती तांबडी, एखादी सरळ रेघ मारल्यासारखा रस्ता, बाकी काही नाही. समोरच्या स्क्रीनवर विमानाचा वेग आणि समोरून येणारा वारा दोन्ही दाखवतात. वारा ताशी शंभराच्या वर होता. त्या पट्ट्यात हिवाळ्यात खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, आणि आपण नेमके त्याच्या तोंडावर चाललेलो असतो. म्हणून जाताना पावणेअकरा तास आणि परत येताना त्याच ८,४०० किलोमीटरला दहा तास. अंतर तेच असून जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का, हे आईने नंतर मला विचारलं होतं, तिला वाटलं परतीचा रस्ता वेगळा असतो. रस्ता तोच, वारा वेगळा.

सिंगापूरला उतरले तेव्हा तिथले पावणेआठ वाजले होते, नुकतंच मावळलं होतं. ऑकलंडच्या घड्याळात पावणेबारा. म्हणजे हिवाळ्यातला दहा तासांचा दिवस मी जवळपास सोळा तास जगले. त्यात झोप यायचं काही कारणच नाही, शरीर थकलेलं आणि डोळे टक्क उघडे.

दुसऱ्या विमानात मात्र मी झोपले नाही ते वेगळ्या कारणाने. सिंगापूर-मुंबई सरळ रेषा काढली ना, तर ती आंध्रच्या किनाऱ्यावर ओंगोलच्या आसपास जमिनीवर येते, मग कर्नाटकाचा तुकडा, मग सोलापूर आणि मग थेट पुणे. विमानं नेमकी त्याच रेषेवरून जातात असं नाही, वारा, ढग, मुंबईची गर्दी बघून वळवतात, पण आमचं त्या रात्री बऱ्यापैकी तिथूनच गेलं. स्क्रीनवर सोलापूर आलं, मग डावीकडे खाली सातारा असं बारीक अक्षरात दिसलं आणि मी खिडकीला नाक लावून बसले. पावसाळा, खाली ढगच ढग, एकही दिवा दिसला नाही. पण खाली त्या ढगांखाली आई अंगणातला दिवा लावून बसलीय हे मला माहीत होतं. पुण्यावरून गेल्यावर वीसेक मिनिटांत मुंबईला टेकलो. आणि आता जे हवेतून एवढ्यात ओलांडलं तेच रस्त्याने उलटं जायचं.

तर हा जो शेवटचा तुकडा आहे ना, तो कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नसतो आणि आपल्यासारख्यांचा अर्धा जीव तिथेच जातो. पाऊण वाजता उतरले, इमिग्रेशन, बॅग, बाहेर येईपर्यंत दोन. गाडीवाले काका उभे होते. वाशीचा पूल, पनवेल, एक्सप्रेसवेला धो धो पाऊस आणि लोणावळ्याच्या घाटात धुकं इतकं की काका वीसच्या वेगाने चालले होते, पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून. वाकडला चहा, कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, शिरवळला उजाडायला लागलं, खंबाटकी चढून सव्वासातला दारात. २६० किलोमीटरला सव्वापाच तास. तेवढ्याच वेळात विमानाने ३,९०० किलोमीटर आणलं होतं. ऑकलंडच्या दारापासून साताऱ्याच्या दारापर्यंत साधारण अठ्ठावीस तास झाले, त्यातले विमानात सव्वासोळा. म्हणून कोणी विचारलं किती तास, तर मी आता अठ्ठावीस सांगते. तेच खरं आहे.

साताऱ्यात तयारी करताना सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टींत गेला, गोळ्या आणि खाऊ.

गोळ्यांचं असं की न्यूझीलंड भारतापेक्षा साडेसहा तास पुढे आहे, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे केली की साडेसात. आईची थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी, बीपीची रात्री जेवल्यावर. प्रवासात रात्र नेमकी कुठली म्हणायची? आमच्या डॉक्टरांना जाऊन सगळं वेळापत्रक दाखवलं, त्यांनी सांगितलं की प्रवासभर भारताच्या वेळेनेच द्या, तिकडे पोचल्यावर कसं सरकवायचं तेही त्यांनी लिहून दिलं. तुमच्या माणसाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, इन्सुलिन वगैरे असेल तर नक्कीच, हे अंदाजाने करायचं काम नाही. मी छोट्या झिपच्या पिशव्या आणल्या आणि प्रत्येकीवर मार्करने मराठीत लिहिलं, "मुंबई, विमानतळावर जेवल्यावर", "सिंगापूरहून निघाल्यावर, उठल्या उठल्या, चहाच्या आधी". आईने चष्मा लावून एकेक वाचून बघितली आणि स्वतःच्या पर्समध्ये ओळीने लावून ठेवली, माझ्याकडे दिली नाही. औषधं न्यूझीलंडमध्ये जास्तीत जास्त तीन महिन्यांची आणता येतात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पुढची इथल्या डॉक्टरकडून घ्यायची, हेही आधीच ठरवून ठेवा. गोळ्यांची बॅग हातातच, चेक-इनमध्ये टाकायची नाही.

खाऊवरून मात्र वाद झाले. साताऱ्याहून निघायचं आणि कंदी पेढे न्यायचे नाहीत हे आईला मान्यच होईना, जावयाला रिकाम्या हाताने कसं भेटायचं म्हणाली. पण दुधाच्या पदार्थांच्या बाबतीत न्यूझीलंड फार कडक आहे, तो अख्खा देश गाई-मेंढ्यांवर चालतो, बाहेरून जनावरांचा रोग आला तर त्यांचं सगळंच बसेल. मी तिला तेच सांगितलं, की आपल्या गावात लाळ्या-खुरकूत आलं की लोकांचे काय हाल होतात ते तू बघितलंयस, तिकडे तो रोग नाहीये आणि त्यांना तो यायला नकोय. ते तिला पटलं. पेढे राहिले. मध नाही, ताजा कढीपत्ता नाही, बियाणं नाही. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कुरडया असं नीट पॅक करून, प्रत्येकावर नाव लिहून एकाच पिशवीत सगळ्यात वर ठेवलं, म्हणजे उघडायला सोपं.

विमान रात्री नऊचं होतं, आम्ही सकाळी अकराला निघालो. दादा-वहिनी म्हणत होते फार लवकर होतंय, पण ऑगस्टमध्ये एक्सप्रेसवेला एखादी दरड आली किंवा एक कंटेनर आडवा झाला की चार तास गेले, विमान आपल्यासाठी थांबत नाही. तीन तास आधी पोचायचंच आणि त्याच्यापुढे दोन तास पावसाचे धरायचे. पोचलो साडेपाचच्या आधीच, मग काही नाही, वहिनीने दिलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली बसून. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती. आई आधी नको म्हणत होती, मी काय पांगळी आहे का, पण मुंबईच्या टर्मिनल दोनचं ते लांबच लांब चालणं बघितल्यावर स्वतःच बसली.

उड्डाण झालं तेव्हा तिने माझा हात धरला होता आणि अथर्वशीर्ष म्हणत होती. बंगालच्या उपसागरावर पावसाळ्यात विमान हलतंच, तासभर बऱ्यापैकी हललं, जेवण वाढणं थांबवून सगळ्यांना पट्टे बांधायला लावले. मी तिला आधीच सांगितलं होतं की हलेल, आणि हललं तरी काही होत नाही, त्यामुळे ती घाबरली नाही. पहिल्यांदा बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे घरी असतानाच सांगून ठेवा. जेवण एशियन व्हेजिटेरियन असं आधी नोंदवून ठेवलं होतं, भात-डाळ-भाजी आली, तिने खाल्ली.

सिंगापूरला तिथल्या पहाटे पाचच्या सुमाराला उतरलो, भारतात अडीच. हा सगळ्यात वाईट वेळ, कारण शरीराची मध्यरात्र असते. चार तासांच्या थांब्याचं सार्थक इथे झालं. आईने सावकाश तोंड धुतलं, साडी नीट केली, बाकावर आडवी होऊन तासभर चक्क झोपली, मी बॅगा धरून बसले. उजाडल्यावर टर्मिनल तीनमध्ये फुलपाखरांची बाग आहे तिथे तिला घेऊन गेले, ती दहा मिनिटं नुसती उभी राहिली, एक फुलपाखरू तिच्या पदरावर बसलं होतं. गेटवर सिक्युरिटीला पाण्याची बाटली रिकामी करावी लागते, आत गेल्यावर परत भरून घ्यायची. दहा तासांत पाणी सारखं पीत राहायचं आणि तासा-दोन तासाने उठून चालायचं, पाय सुजतात नाहीतर. यासाठी मी तिला आइलची सीट घेतली होती, खिडकी मी.

निघाल्यावर थोड्या वेळाने तिने पर्स उघडली, पिशवीवरचं वाचलं आणि थायरॉइडची गोळी घेतली, मग मला म्हणाली आता चहा सांग. आईने घड्याळ भारताचंच ठेवलं होतं, बदलू देत नव्हती, गोळ्या चुकतील म्हणाली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडे येत होतो, वारा मागून, विमानाचा वेग जमिनीच्या हिशोबाने हजारावर गेलेला. तिने खिडकीकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग मला म्हणाली, "अगं, सव्वा वाजलाय दुपारचा आणि मावळतंय कसं?" खरंच बाहेर सगळं जांभळं होऊन अंधारायला लागलं होतं. आत्ताच तर दुपारचं जेवण झालं होतं. मी तिला गोलावरच्या दोऱ्याचं सांगितलं, की आपण सूर्याच्या उलट्या दिशेने पळतोय म्हणून दिवस लवकर संपला, जाताना माझा दिवस लांबला होता तोच आता कापला गेला. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, म्हणजे उसना घेतलेला परत द्यावा लागतो. मला एवढं नेमकं सुचलं नसतं.

ऑकलंडला रात्री अकराला उतरलो. न्यूझीलंडचं ट्रॅव्हलर डिक्लेरेशन, म्हणजे देशात येण्याआधी भरायचा फॉर्म, आता ऑनलाइन भरतात, फुकट असतं, निघायच्या आदल्या दिवशी साताऱ्यातच दोघींचं भरलं होतं, त्यात खाण्याचं सगळं "हो" केलं होतं. हे फार महत्त्वाचं आहे. सामानात खाण्याचं असून सांगितलं नाही तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो, सांगितलं तर फक्त बघतात, नको असेल ते काढून घेतात, दंड नाही. बायोसिक्युरिटीच्या, म्हणजे बाहेरून रोग-कीड येऊ नये म्हणून सामान तपासणाऱ्या, बाईंनी पिशवी उघडली, एकेक पुडा बघितला, चपलांचे तळवे बघितले, मातीचं विचारलं. आईने कुंकवाच्या डबीच्या खाली घरच्या तुळशीच्या मंजिऱ्या ठेवल्या होत्या, मला माहीतच नव्हतं, पण त्यांनी काही विचारायच्या आधीच तिने स्वतः डबी उघडून पुढे केली. त्यांनी मंजिऱ्या ठेवून घेतल्या, बी आहे म्हणून, आणि अगदी हळुवार समजावून सांगितलं. बाकी सगळं दिलं. अर्धा-पाऊण तास गेला. साडेबाराला घरी. साताऱ्याच्या दारापासून एकतीस तास. आईच्या घड्याळात संध्याकाळचे सहा.

पुढचे काही दिवस ती पहाटे दोनला झोपायची आणि सकाळी दहाला उठायची, मी तसंच चालू दिलं, फक्त सकाळी उठली की पडदे उघडून उन्हात बसवायचं आणि दुपारी मात्र जागं ठेवायचं. आठवड्याभरात बसलं. पूर्वेकडे येताना त्रास जास्त होतो, मला स्वतःला भारतात जाताना दोन दिवसांत ठीक वाटतं आणि इकडे आल्यावर बरेच दिवस जातात.

थेट विमानाचं सगळे विचारतात. मार्च २०२५ मध्ये एअर न्यूझीलंड आणि एअर इंडिया यांनी करार केला, त्यात २०२८ च्या अखेरपर्यंत थेट सेवा सुरू करता येईल का ते बघू असं म्हटलंय. झालं तर फारच चांगलं, वयस्कर लोकांसाठी मधला बदल वाचणं हीच मोठी गोष्ट आहे. पण वर सांगितलं तसं, किलोमीटर त्यात काही वाचणार नाहीत, कारण सिंगापूर रेषेवरच आहे, वाचेल तो थांबा आणि एक चढ-उतार. आणि ते विमान मुंबईला न येता दिल्लीला गेलं तर साताऱ्याच्या माणसाला तिथून परत एक विमान आलंच.

आईचं परतीचं तिकीट जानेवारीचं आहे, तेव्हा मला सुट्टी नाही म्हणून ती एकटी जाणार. तोच सिंगापूरचा मार्ग, एकच पीएनआर, चार तासांचा थांबा, व्हीलचेअर दोन्हीकडे, आणि मुंबईला दादा आणि गाडीवाले काका. तेव्हा घड्याळातला फरक साडेसात तासांचा असेल त्यामुळे गोळ्यांच्या पिशव्या नव्याने लिहाव्या लागतील, त्यासाठी इथल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय.